थिजलेलं खोबरेल

संगमेश्वरला हायवेच्या कडेला बाळा मेस्त्रींचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक येतं, गाडी स्टँडला लावतं आणि आत डोकावून विचारतं, "मेस्त्री हायत काय?" समोर तेजस्वी उभी असते. हातात पाना, कोपरापर्यंत काळे झालेले हात आणि पुढ्यात अर्धी उघडलेली मोटारसायकल, तरी प्रश्न तोच. ती न चिडता सांगते, "बाबा जेवायला गेलेत. काय झालंय गाडीला?" त्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "नको, येऊंदे त्यांना. थांबतो मी."

मीही पहिल्या खेपेला थांबलो होतो. चांगला पाऊण तास थांबलो. बाळा मेस्त्री ढेकर देत आले आणि गाडीकडे न बघताच त्यांनी लेकीला हाक मारली, "गो, ह्यांचा क्लच बघ." तिने दहा मिनिटांत क्लच नीट करून दिला. माझा पाऊण तास कुणी भरून देणार नव्हतं, आणि चूक माझीच असल्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. तेव्हापासून मी मात्र थेट तिलाच सांगतो.

तेजस्वी आज एकोणतीस वर्षांची आहे. आयटीआय करून आली आणि बापाच्या हाताखाली उभी राहिली, त्याला अकरा वर्षं झाली. बाळा मेस्त्री म्हणजे तालुक्यातला नामांकित माणूस. गाडी लांबून येताना ऐकून सांगतील, चेन सैल आहे की बेअरिंग गेलंय. पण स्वभाव असा, की ते सांगतात. कुणाला विचारत नाहीत. हे सोड, ते आवळ, पुसून घे, एवढंच दिवसभर चालतं. मुलीवर जीव आहे, पण गिऱ्हाइकांशी बोलताना तिचा उल्लेख करायचा झाला तर "आमची हाताखाली असते" असा करतात.

त्यांची एक खासियत होती. गाडीच्या केबलींमध्ये, म्हणजे क्लचच्या आणि अॅक्सिलरेटरच्या तारेत, ते फक्त खोबरेल घालायचे. घरच्या नारळाचं, घाण्यावरून काढून आणलेलं. त्यांचं म्हणणं असं, की ग्रीस घातलं तर आपल्या तांबड्या मातीची धूळ त्यात बसते आणि चिखल होतो. खोबरेल पातळ, आतपर्यंत जातं, चार महिने पावसात गाडी उभी राहिली तरी तार गंजत नाही. हे खरंच आहे. माझी रत्नागिरीजवळ पावसला आंब्याच्या चाळीस कलमांची बाग आणि औषधांचं छोटं दुकान आहे. या दोन्हींच्या मध्ये माझी मोटारसायकल वर्षभर धुळीत नाहीतर पाण्यात असते. बाळा मेस्त्रींकडे जायला लागल्यापासून माझी एकही केबल तुटलेली नाही.

आता मूळ गोष्ट. माझा मित्र सुजय दापोलीला कॉलेजात शिकवतो. त्याच्या डोक्यात आलं, की हिमालयातल्या स्पितीच्या खोऱ्यात मोटारसायकलने जायचं, आणि तेही हिवाळ्यात. मी म्हटलं, सगळं जग तिथे जूनमध्ये जातं. तो म्हणाला, "तू जाशील जूनमध्ये?" त्याचं बरोबर होतं. उन्हाळाभर आंबा, मग लावणी, मग गणपती, भात कापणी. कोकणातल्या माणसाला श्वास घ्यायला मिळतो तो जानेवारीत, मोहोरावरची फवारणी झाली की. तेव्हा जायचं तर हिवाळ्यातच, असा आमच्या पन्नाशीतल्या दोन शहाण्यांचा निर्णय झाला. तिसरा गुरुप्रसाद. त्याचं सगळं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलं, चीफ इंजिनीअर होऊन तो घरी बसला आहे. त्याने एक अट घातली, बरोबर मेकॅनिक पाहिजे.

म्हणून आम्ही तिघे बाळा मेस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "मी कुटला येतोय आता? गुडघं बघा माजं. हिला न्या. टायर तरी बदलील."

गुरुप्रसादचं तोंड बघण्यासारखं झालं. पण दुसरं कुणी मिळण्यासारखं नव्हतं. तेजस्वीने चारही गाड्या, आमच्या तीन आणि तिची स्वतःची, आठवडाभर खपून तयार केल्या. त्या ट्रकने चंदीगडला गेल्या आणि आम्ही रेल्वेने निघालो.

रेल्वेत मी तिला विचारलं, "तुला काय सुचलं गो, आम्हा म्हाताऱ्यांबरोबर बर्फात यायचं?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "काका, अकरा वर्षं झाली. बाबा मला सांगतात. विचारत कधीच नाहीत. त्यांना ठाऊक नाही असं काहीतरी एकदा तरी मला ठाऊक असायला हवं. नाहीतर मी साठ वर्षांची झाले तरी हाताखालीच असेन."

माझा मुलगा माझ्या दुकानात बसतो आणि मीही त्याला दिवसभर सांगतच असतो.

चंदीगडला सकाळी गाडीवर बसलो तेव्हाच क्लच जरा जड लागला. शिमल्याच्या पुढे नारकंड्याला पोचेपर्यंत डावा हात दुखायला लागला. मी तक्रार केली. गुरुप्रसाद म्हणाला, "थंडी आहे डॉक्टर, चालायचंच." औषधाचं दुकान आहे म्हणून तो मला डॉक्टर म्हणतो, तीस वर्षं झाली, अजून त्याला त्यात गंमत वाटते. तेजस्वीने काही न बोलता केबल थोडी सैल करून दिली. पुढे दोन दिवस असंच चाललं, सकाळी जड, दुपारी उन्हात जरा हलकं.

नाको गाव सोडल्यावर झाडं संपली. मी हे फोटोत पाहिलं होतं, पण फोटोत ते कळत नाही. आपल्याकडे कातळावरसुद्धा चार करवंदीची झुडपं असतात, काही नाही तर गवत असतं. इथे डोंगरच्या डोंगर उघडे, मातीचे, राखाडी आणि पिवळट, खाली अर्धी गोठलेली नदी, आणि रस्त्याला आम्ही चौघं. तासभर समोरून गाडी येत नाही. हेल्मेटच्या आत स्वतःच्या श्वासाचा आवाज येत राहतो. माणसाला घरी सतत काही ना काही आडोसा असतो, बागेचा, कामाचा, बायकोच्या हाकेचा. इथे काहीच नाही. मी त्या दोन दिवसांत माझ्या आयुष्याबद्दल जेवढा विचार केला तेवढा गेल्या दहा वर्षांत केला नव्हता, आणि सगळाच सुखाचा नव्हता. पण बरं वाटत होतं. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं, असं मी सुजयला सांगितलं.

ताबो गावात आम्ही एका घरात उतरलो होतो. सकाळी थर्मामीटरच्या काट्याने उणे एकोणीस दाखवले. आठ वाजता निघालो. गाव सोडून दोनेक किलोमीटरवर एक वळण होतं, डोंगराच्या सावलीत. वरून झिरपलेलं पाणी रस्त्यावर गोठून काचेसारखं झालेलं. पुढे तेजस्वी होती, तिने हात वर करून हळू व्हायची खूण केली. मी अॅक्सिलरेटर सोडला. तो परत आला नाही.

म्हणजे हात मी सोडला, पण मूठ होती तिथेच राहिली, आणि गाडी तशीच जोरात पुढे. क्लच दाबायला गेलो तर तो दगडासारखा झालेला. इंजिन बंद करायचं लाल बटण अंगठ्याजवळच असतं, हे मला नंतर सगळ्यांनी आळीपाळीने सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की उजवीकडे नदी आहे आणि डावीकडे डोंगर. मी डावीकडे पडलो. खांद्यावर आपटलो, गाडी घसरत जाऊन बर्फाच्या ढिगात घुसली आणि बंद पडली.

हाड मोडलं नव्हतं. पण मी पाच मिनिटं तसाच बसून होतो. भीती म्हणजे काय ते मला त्या पाच मिनिटांत कळलं, आणि कुणाला सांगायची लाज वाटली.

सुजयने पाणी दिलं. गुरुप्रसाद माझ्या गाडीची मूठ फिरवून बघत म्हणाला, "केबल जॅम. एवढ्या थंडीत होणारच. माझीही सकाळपासून अडकते आहे." सुजय म्हणाला, "हो, हवामानापुढे काय चालणार." दोघांचं एकमत झालं, दोष थंडीचा.

तेजस्वी माझ्या गाडीजवळ उकिडवी बसली होती. हातमोजे काढून तिने केबलचं टोक सोडवलं. मी तिच्या शेजारीच होतो. त्या टोकातून पांढरं, मेणासारखं काहीतरी बाहेर आलं. तिने ते नखाने टोकरलं, बोटांत चोळून नाकाशी धरलं आणि तशीच बसून राहिली. तिने ते पुसून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मला तेव्हा ते काय आहे हे समजलंही नव्हतं.

ती उठली आणि त्या दोघांसमोर जाऊन उभी राहिली. "थंडीचा दोष नाही," ती म्हणाली. "मी केबलीत खोबरेल घातलं होतं. ते थिजलंय."

मग गुरुप्रसाद भडकला. बोटीवरचा माणूस, आवाज मोठा. खोबरेल थंडीत थिजतं हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं, हिमालयात यायचं आणि केबलीत खोबरेल घालायचं, आज हा माणूस नदीत गेला असता तर काय तोंड दाखवलं असतं त्याच्या घरी. तो बोलत होता ते सगळं खरं होतं. मलाही राग आला होता. खांदा माझा ठणकत होता, आणि दोन मिनिटांपूर्वी थंडीवर ढकललेला राग आता ढकलायला समोर माणूस मिळाला होता.

"बाळाने सांगितलं घालायला?" गुरुप्रसादने विचारलं.

"हात माझा होता," ती म्हणाली.

गुरुप्रसादने तिथेच ठरवून टाकलं, की गाड्या ट्रकमध्ये घालून खाली न्यायच्या, हिने तयार केलेल्या गाडीवर आपण बसणार नाही. सुजय नेहमीप्रमाणे दोघांच्या मध्ये उभा राहिला. तेजस्वीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला आजचा दिवस द्या. संध्याकाळी मुठी सुटल्या नाहीत तर उद्या ट्रक बोलवा. मी ट्रकबरोबर परत जाईन."

गाड्या ढकलत आम्ही पुन्हा त्याच घरी आलो. तिने चारही गाड्यांच्या केबली काढल्या आणि आत आणून चुलीच्या वर, कपडे वाळवायच्या दोरीवर टांगल्या. खाली परात ठेवली. थोड्या वेळाने टपटप तेल पडायला लागलं आणि त्या घरात खोबरेलाचा वास सुटला. बाहेर उणे दहा, समोर बर्फाचे डोंगर, आणि नाकात माझ्या आईने डोक्याला तेल चोळल्याचा वास. मला एकदम रडू येईलसं झालं. घरच्या मालकिणीने परातीतलं तेल बोटाने चाचपून बघितलं, वास घेतला आणि सरळ आपल्या भेगाळलेल्या हातांना चोळलं. मग उरलेलं वाटीत काढून ठेवू का, असं हिंदीत विचारलं. त्या अख्ख्या दिवसात तेजस्वी एकदाच हसली, ती तेव्हा.

मालकिणीच्या नवऱ्याने सांगितलं, की ते हिवाळ्यात केबलीत काहीच घालत नाहीत. रॉकेलने धुवायच्या आणि कोरड्या ठेवायच्या. तेजस्वीने ते नीट ऐकलं, दोन प्रश्न विचारले, आणि बाहेर अंगणात बसून एकेक केबल धुतली, झटकली, फुंकली. मी शाल पांघरून तिच्याजवळ बसलो. राग उतरला होता, पण विचारायचं राहिलं होतं.

"तेजू, खोबरेल थिजतं हे तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं की. जानेवारीत आपण बाटली उन्हात ठेवतोच ना." ती हातातल्या केबलकडे बघत होती. "घालताना डोक्यात आलं होतं, काका. शिशी हातात होती आणि डोक्यात आलं, तिथे हे चालेल काय? मग म्हटलं, बाबांनी विचार केलाच असेल. आणि पुढचं चाक काढायला घेतलं."

"त्यांना विचारायचंस."

"त्यांना विचारलं की त्यांना वाटतं आपण चूक काढतोय. सवयच गेली." मग म्हणाली, "ते राहूदे. तुम्ही नदीत गेला असता तर बाबांनी विचार केलाच असेल, असं मी काकूंना सांगणार होते काय?"

मी तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं. पण तिला ते नको होतं. मी पुढची केबल तिच्या हातात दिली.

संध्याकाळी तिने चारही गाड्या जोडल्या. आम्हाला द्यायच्या आधी प्रत्येक गाडी स्वतः घेऊन ती त्या सावलीतल्या वळणापर्यंत गेली आणि परत आली, चार खेपा. गुरुप्रसाद दारात उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही चहा पीत असताना तो एकटाच बाहेर गेला. त्याच्या गाडीची मूठ फिरून सटकन मागे आल्याचा आवाज आला. मग माझ्या गाडीची. मग सुजयच्या गाडीची. आत येऊन तो म्हणाला, "चला, काझाला पोचायचंय." ट्रकचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. माफीही मागितली नाही. आणि त्याने मागावी असं काही नव्हतंच.

आम्ही स्पितीतल्या मोठ्या गावाला, काझाला गेलो, त्याच्या वरच्या गावांना गेलो, सहा दिवस त्या उघड्या डोंगरांत फिरलो. एकदाही केबल अडकली नाही. त्याचं वर्णन सुजय कॉलेजात स्लाइड दाखवून करतो, हवं तर ऐका.

परतीच्या प्रवासात मी ठरवून टाकलं होतं, की बाळा मेस्त्रींनी विचारलं तर सांगायचं, गाड्या झक्कास चालल्या. म्हातारा माणूस, एवढी वर्षं एका तेलाच्या जोरावर नाव कमावलं, कशाला दुखवायचं. पोरीचीही सुटका होईल.

गाड्या ट्रकमधून उतरवल्या त्या दिवशी मी गॅरेजवर होतो. बाळा मेस्त्री कुणाच्या तरी मोटारसायकलची केबल बदलत बसले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "कशा चालल्या गाड्या?" विचारलं ते मला. तिला नाही.

मी तोंड उघडलं, पण तेजस्वी आधी बोलली. "केबली थिजल्या, बाबा. सगळ्या. काका पडले."

मेस्त्रींनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "खोबरेलानं?"

"हां."

"थंडीत थिजतं ता तुला म्हाईत नव्हतं?"

"होतं."

"मग बोल्ली का नाय?"

"तुम्ही कधी विचारता काय?" तिने हे अगदी हळू म्हटलं. भांडणाचा सूर नव्हता.

हायवेवरून एक ट्रेलर गेला. मी उठून जायला हवं होतं. पण मी हट्टी माणूस, बसून राहिलो. मला वाटलं आता हे भडकणार. त्यांच्या जागी मी असतो तर नक्की भडकलो असतो, आणि माझा मुलगा गप्प बसला असता.

मेस्त्री गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "थिजलं म्हंजे कसं? लोण्यासारकं का मेणासारकं?"

"मेणासारखं. नखानं टोकरून काढलं."

"केवडी थंडी हुती?"

"शून्याच्या खाली एकोणीस."

त्यांनी ते मनात धरून बघितलं. संगमेश्वरच्या बाहेर ते फारसे गेलेले नाहीत. "मग काय घातलंस?"

"काही नाही. रॉकेलनं धुतल्या आणि कोरड्या ठेवल्या. तिथे तसंच करतात."

"कोरड्या," ते म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकही केबल कोरडी गेली नसेल. त्यांच्या पुढ्यातल्या गाडीची नवी केबल तशीच लोंबत होती. तेलाची शिशी शेजारी होती. त्यांनी ती उचलली, उघडली, आणि हात मध्येच थांबवला.

"आनि हितं?" त्यांनी लेकीला विचारलं. "हितं काय घालायचं?"

तेजस्वी खाली बसली, केबलचं टोक बोटांत फिरवून बघितलं, गाडीच्या चाकाला लागलेली तांबडी माती बघितली.

"हितं हेच घाला," ती म्हणाली. "आपल्या पावसाला हेच बरं. वर जाणारी गाडी आली तर मला सांगा."

"बरं," मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी केबलीत तेल घातलं.